राष्ट्रपतिपदाची १९६९ ची निवडणूक : अपक्ष उमेदवार, काँग्रेसमधील फूट आणि दुसरा पसंतीक्रम

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारताच्या राजकीय इतिहासात १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक हा महत्त्वाचा टप्पा मानला जातो. सत्तारूढ काँग्रेस पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांचा पराभव होऊन वराहगिरी वेंकट गिरी हे अपक्ष उमेदवार राष्ट्रपती झाले आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत देशातील सर्वांत जुना पक्ष दुभंगला. या निवडणुकीचे वर्णन सामान्यतः 'अंतरात्म्याच्या आवाजाचा विजय' किंवा 'इंदिरा गांधी विरुद्ध सिंडिकेट' अशा शब्दांत केले जाते. या वर्णनात तथ्य आहेच. परंतु त्यामुळे मतमोजणीत प्रत्यक्षात काय घडले, हा प्रश्न मागे पडतो. अपक्ष उमेदवार मोठ्या पक्षाच्या मतांची विभागणी कशी करतो आणि पसंतीक्रमाच्या मतदानपद्धतीत त्या विभागणीचा परिणाम काय होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात उपलब्ध आकडेवारीच्या आधारे केला आहे. या निवडणुकीत महाराष्ट्रातील व्यक्तींचा सहभाग लक्षणीय असल्याने मराठी अभ्यासकांच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी

१९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसने केंद्रातील सत्ता राखली, तरी अनेक राज्यांत पक्षाला सत्ता गमवावी लागली. त्याच वर्षी झालेल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत काँग्रेसचे डॉ. झाकीर हुसेन यांना ४,७१,२४४, तर विरोधी पक्षांचे उमेदवार के. सुब्बा राव यांना ३,६३,९७१ मतमूल्य मिळाले. पक्ष एकसंध राहिला, तर अधिकृत उमेदवाराचा विजय निश्चित आहे, हे त्यातून दिसले होते.

३ मे १९६९ रोजी डॉ. हुसेन यांचे निधन झाले आणि उपराष्ट्रपती गिरी कार्यकारी राष्ट्रपती झाले. जुलैमध्ये बंगळूर येथे काँग्रेसच्या संसदीय मंडळाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची पसंती बाजूस सारून संजीव रेड्डी यांची उमेदवारी निश्चित केली. इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव सुचविले होते. या मंडळात महाराष्ट्राचे दोन नेते होते, तत्कालीन गृहमंत्री यशवंतराव चव्हाण आणि मुंबईचे स. का. पाटील. दोघांनीही रेड्डी यांच्या बाजूने मत दिले. यानंतरच्या घटना वेगाने घडल्या. मोरारजी देसाई यांच्याकडील अर्थखाते काढून घेण्यात आले, १९ जुलै रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि २० जुलै रोजी गिरी यांनी राजीनामा देऊन अपक्ष म्हणून निवडणूक लढविण्याचा मार्ग मोकळा केला. सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी कार्यकारी राष्ट्रपतिपदाची सूत्रे घेतली.

तीन प्रमुख उमेदवार

गिरी हे कामगार चळवळीतून आलेले नेते होते. दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, द्रविड मुन्नेत्र कळघम व इतर काही पक्षांनी त्यांना पाठिंबा दिला. मात्र केवळ या पाठिंब्यावर विजय शक्य नव्हता. काँग्रेसच्या मतांचा मोठा भाग फुटणे आवश्यक होते.

जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांनी गिरी किंवा रेड्डी यांपैकी कोणासही प्रथम पसंती न देता डॉ. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांना उभे केले. महाडजवळील नाते येथे जन्मलेले देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५२ मध्ये ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले होते आणि मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयाच्या विरोधात त्यांनी १९५६ मध्ये अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारे देशमुख एका बाजूस आणि त्याच राज्यातील काँग्रेसचे सर्वांत प्रभावी नेते चव्हाण रेड्डी यांच्या बाजूस, असे चित्र त्या वेळी निर्माण झाले.

एकूण पंधरा उमेदवार रिंगणात होते. त्यांत पुण्याचे पां. ना. राजभोज यांचाही समावेश होता. १९२९ च्या पर्वती सत्याग्रहातील हे नेते १९५२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे सोलापुरातून लोकसभेवर निवडून गेले होते.

मतांची विभागणी

राष्ट्रपतीची निवड संसद व राज्य विधानसभांच्या निर्वाचित सदस्यांकडून गुप्त मतदानाने होते. प्रत्येक मतदाराच्या मताला विशिष्ट मूल्य असते. १९६९ मध्ये खासदाराच्या मताचे मूल्य ५७६, तर महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य १४६ होते. मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर तळाच्या उमेदवारांना क्रमाने वगळून त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती मोजली जाते. १६ ऑगस्ट रोजी मतदान आणि २० ऑगस्ट रोजी मतमोजणी झाली.

तक्ता क्र. १ : प्रथम पसंतीची मते
व्ही. व्ही. गिरी : ४,०१,५१५ (४८.० टक्के)
नीलम संजीव रेड्डी : ३,१३,५४८ (३७.५ टक्के)
चिं. द्वा. देशमुख : १,१२,७६९ (१३.५ टक्के)
इतर बारा उमेदवार : ८,५०५ (१.० टक्का)
एकूण : ८,३६,३३७, विजयासाठी आवश्यक कोटा : ४,१८,१६९

दोन वर्षांपूर्वी झाकीर हुसेन यांना मिळालेल्या मतांच्या तुलनेत रेड्डी यांची प्रथम पसंतीची मते १,५७,६९६ ने कमी होती. १९६७ मध्ये हुसेन यांना काँग्रेसबाहेरचीही काही मते मिळाली असण्याची शक्यता असल्याने ही संपूर्ण घट फुटीर काँग्रेस मतांची आहे असे म्हणता येणार नाही. तथापि, फुटीचा विस्तार मोठा होता, एवढे त्यातून निश्चित होते.

ही फूट अपक्ष उमेदवाराच्या व्यक्तिमत्त्वामुळे पडली नाही. ती पक्षात आधीच होती. इंदिरा गांधी यांनी रेड्डी यांच्या उमेदवारी अर्जावर स्वाक्षरी केली होती, परंतु पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा यांची पक्षादेश काढण्याची मागणी मान्य केली नाही. निजलिंगप्पा यांनी जनसंघ व स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी बोलणी केली, हे कारण पुढे करून जगजीवनराम व फक्रुद्दीन अली अहमद यांनी मतस्वातंत्र्याची मागणी केली. सदसद्विवेकबुद्धीनुसार मतदानाचे आवाहन पक्षातूनच झाले. अपक्ष उमेदवार हा येथे फुटीचे कारण नसून फुटीला उपलब्ध झालेली वाट होता, असे म्हणावे लागेल.

दुसऱ्या पसंतीचा निर्णायक भाग

पहिल्या फेरीत गिरी कोट्यापासून १६,६५४ मतमूल्याने दूर राहिले. सर्व कनिष्ठ उमेदवार व शेवटी देशमुख वगळले गेल्यानंतर अंतिम स्थिती गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ अशी झाली. या आकड्यांची फोड केली असता पुढील बाबी स्पष्ट होतात.

१) वगळलेल्या तेरा उमेदवारांकडे एकूण १,२१,२७४ मतमूल्य होते. त्यांपैकी ९१,८७९ रेड्डी यांच्याकडे, १८,५६२ गिरी यांच्याकडे गेले आणि १०,८३३ पुढील पसंतीअभावी संपुष्टात आले. म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश मते रेड्डी यांना मिळाली. 'देशमुखांनी रेड्डींची मते खाल्ली' असे सरसकट विधान करणे त्यामुळे योग्य ठरत नाही. ज्या देशात केवळ सर्वाधिक मतांचा निकष असतो, तेथे तिसऱ्या उमेदवाराला दिलेले मत परत येत नाही. अमेरिकेत १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या वेगळ्या पक्षामुळे रिपब्लिकन मते विभागली आणि सुमारे ४२ टक्के लोकमतावर वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले. भारतीय पद्धतीत मात्र ते मत दुसऱ्या पसंतीच्या रूपाने परत येऊ शकते.

२) रेड्डी व देशमुख यांच्या प्रथम पसंतीची बेरीज ४,२६,३१७ होते. ही कोट्यापेक्षा ८,१४८ ने अधिक आहे. देशमुखांच्या सर्व मतदारांनी दुसरी पसंती रेड्डी यांना दिली असती, तर गिरी यांचा पराभव झाला असता.

३) केवळ संपुष्टात आलेल्या मतांमुळे निकाल लागला असेही नाही. ती १०,८३३ मतेही रेड्डी यांना मिळाली असे गृहीत धरले, तरी त्यांची बेरीज ४,१६,२६० होते व ती गिरी यांच्या बेरजेपेक्षा कमीच राहते.

४) गिरी यांना मिळालेल्या १८,५६२ मतमूल्यापैकी कनिष्ठ बारा उमेदवारांच्या मतपत्रिकांतून जास्तीत जास्त ८,५०५ येऊ शकत होते. याचा अर्थ, किमान १०,०५७ मतमूल्य देशमुख यांना प्रथम पसंती देणाऱ्या मतपत्रिकांतून गिरी यांच्याकडे गेले. एवढीच मते रेड्डी यांच्याकडे वळली असती, तर रेड्डी ४,१५,४८४ आणि गिरी ४,१०,०२० अशी स्थिती होऊन निकाल उलटला असता. खासदारांच्या हिशेबात हे मतमूल्य सुमारे अठरा सदस्यांचे आहे.

येथे या निवडणुकीचे खरे स्वरूप दिसते. काँग्रेसमधील मोठ्या फुटीने गिरी यांना विजयाच्या जवळ आणले. विजय पदरात पडला तो विरोधी छावणीतील लहान गळतीने. नेत्यांनी नेत्यांशी केलेला दुसऱ्या पसंतीचा करार मतदाराच्या गुप्त मतपत्रिकेपर्यंत पूर्णतः पोहोचला नाही. ही मते कोणी व कोणत्या हेतूने दिली, हे गुप्त मतदानामुळे सांगता येत नाही. म्हणूनच त्यांना 'अंतरात्मा' किंवा 'दगाबाजी' यांपैकी कोणतेही एक नाव देताना इतिहासाच्या अभ्यासकाने सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे.

परिणाम

निकालानंतर पक्षातील ऐक्यासाठी चव्हाण यांनी प्रयत्न केले, परंतु ते टिकले नाहीत. १२ नोव्हेंबर १९६९ रोजी इंदिरा गांधी यांची पक्षातून हकालपट्टी झाली आणि काँग्रेसचे दोन भाग झाले. बंगळूरमध्ये एकत्र मतदान करणारे महाराष्ट्राचे दोन नेते आता वेगळे झाले. चव्हाण इंदिरा गांधींच्या बाजूस राहिले, तर स. का. पाटील संघटना काँग्रेसमध्ये. गिरी यांच्या निवडीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. राष्ट्रपतिपदावर असताना गिरी यांनी स्वतः न्यायालयात साक्ष दिली आणि १९७० मध्ये याचिका फेटाळण्यात आली.

पंधरा उमेदवारांपैकी पाच जणांना एकही मत मिळाले नव्हते. राजभोज यांच्या वाट्याला ८३१ मतमूल्य आले. १९७४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून प्रत्येक उमेदवारास दहा सूचक व दहा अनुमोदक आवश्यक करण्यात आले. १९९७ मध्ये ही संख्या प्रत्येकी पन्नास झाली. अनाठायी उमेदवारीला आळा घालणे हा हेतू समर्थनीय असला, तरी पक्षयंत्रणेच्या बाहेरील व्यक्तीला या निवडणुकीत उभे राहणे त्यामुळे जवळजवळ अशक्य झाले, हेही नोंदविणे आवश्यक आहे.

२००७ चे उदाहरण

भैरोसिंह शेखावत यांनी २००७ मध्ये उपराष्ट्रपतिपदावर असताना राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या पाठिंब्याने अपक्ष म्हणून निवडणूक लढविली. अपक्ष राहिल्याने अन्य पक्षांतील मते मिळतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात आघाडीतीलच शिवसेनेने महाराष्ट्राच्या प्रतिभा पाटील यांना पाठिंबा दिला. पाटील यांना ६,३८,११६, तर शेखावत यांना ३,३१,३०६ मतमूल्य मिळाले. १९६९ मध्ये सत्तारूढ पक्षाचे नेतृत्वच दुभंगलेले होते, २००७ मध्ये तसे नव्हते. फूट पडली ती अपक्षाच्या स्वतःच्या छावणीत, आणि तिचे कारण पक्षनिष्ठेहून वेगळी अशी प्रादेशिक अस्मिता होती.

निष्कर्ष

अपक्ष उमेदवार स्वबळावर मोठा पक्ष फोडत नाही. पक्षातील अधिकारसंघर्षाला तो मोजता येण्याजोगे रूप देतो. संक्रमणीय मतपद्धतीत तिसऱ्या उमेदवाराचे अस्तित्व हे आपोआप मतविभागणी ठरत नाही. त्याच्या मतदारांची पुढील पसंती कोठे जाते, यावर निकाल अवलंबून असतो. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतरही राष्ट्रपतिपदाच्या मतदानासाठी सदस्यांवर पक्षादेश बंधनकारक करता येत नाही. सभागृहात ज्याचे प्रत्येक मत पक्ष ठरवितो, त्या लोकप्रतिनिधीला निर्णयाचे स्वातंत्र्य ज्या थोड्या ठिकाणी उरले आहे, त्यांपैकी ही मतपत्रिका एक आहे. १९६९ मध्ये त्या स्वातंत्र्याच्या अठरा खासदारांइतक्या वजनाने देशाचा राष्ट्रपती ठरला. पक्षशिस्त आणि प्रतिनिधीचा विवेक यांच्यातील हा प्रश्न त्या निकालाने सोडविला नाही. तो किती थोड्या मतांवर तोललेला असतो, एवढेच आकड्यांनी दाखवून दिले.