सहा पेसोंचा शनिवार

साल 1801. अँडीजच्या पायथ्याशी सान हुआन नावाचं आजच्या अर्जेंटिनातलं गाव. ऊन मानेवर चटकतंय, पायाखाली चिखलाचा काला. कच्च्या विटांच्या भिंती तुमच्या कमरेइतक्याही आलेल्या नाहीत. ज्याच्यासाठी हे घर पुढे संग्रहालय होणार, तो दोमिंगो सार्मिएन्तो जन्मायला अजून दहा वर्षं आहेत.

अंजिराच्या सावलीत माग मांडलाय. मागावर त्याची होणारी आई, पाउला आल्बारासिन, अजून अविवाहित. हात धोट्यावर, लक्ष गवंड्यांवर. विणता विणताच ती बांधकामाचे हुकूम सोडते. आठवड्याला एका पाद्र्याच्या झग्यापुरतं, साधारण दहा मीटर कापड. त्याचे शनिवारी सहा पेसो मिळतात आणि तेवढ्यात मजुरी भागवायची. कांड्या भरायला रात्री जागायचं ते वेगळंच.

चिखल तुडवणाऱ्या त्या दोघांकडेही बघा. ते तिच्या मावश्यांचे गुलाम आहेत. शनिवारचे पेसो त्यांच्यासाठी नाहीत. आईच्या कष्टांची कहाणी रंगवून सांगताना हे दोघे सोयीस्करपणे मागे राहतात.

आता 1816. पाच वर्षांचा दोमिंगो तुमच्या बाजूने धावत नव्या सरकारी शाळेत निघालाय.

आणखी थोडं पुढे या, तर घरात वाद पेटलेला. मोठ्या झालेल्या मुलींना दिवाणखान्यातली जुनी बैठक नको, भिंतीवरचे संत नकोत, आणि ते अंजिराचं झाड तर मुळीच नको. आई एकेक गोष्ट सोडत जाते. झाडावर कुऱ्हाड पडते तेव्हा मात्र तिला रडू आवरत नाही. (नवी फॅशन घरात शिरली की पहिली गदा म्हाताऱ्यांच्या आवडीवर, हे तिकडेही तसंच!)

दोमिंगो 1839 मध्ये गावात मुलींची शाळा काढतो आणि पुढच्याच वर्षी राजकारणापायी चिलीत हद्दपार होतो. तिथे 1842 मध्ये तो शिक्षक घडवणारी शाळा उभारतो. 1868 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्यावर अमेरिकेतून शिक्षिका बोलावतो. हाच माणूस गाउचो घोडेस्वारांना रानटी ठरवतो. शाळा काढणाऱ्याचं मन सगळ्यांसाठी मोठं असतंच असं नाही.

1910 मध्ये कायद्याने हे घर राष्ट्रीय स्मारक झालं, मुलाच्या जन्माची जागा म्हणून. बांधणारीच्या नावाने झालं असतं तरी काही बिघडलं नसतं.