वळिवड्याच्या छावणीतील शाळा

कोल्हापूर-मिरज लोहमार्गावर वळिवडे नावाचे छोटे स्थानक आहे. १९४३ साली त्याच्याजवळ बराकींचे एक गावच उभे राहिले. तेथे राहायला आले सुमारे ५००० पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुले. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधून सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले होते. थंडी, उपासमार आणि टायफसने कित्येकांचे आईबाप तिकडेच गेले. १९४१ च्या करारानंतर सुटका झाली, आणि इराणमार्गे ही माणसे भारतात पोहोचली.

या मुलांच्या मनावरील आघाताला तेव्हा आजचे नावही नव्हते. 'आघातोत्तर तणाव विकार' हे निदान अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात १९८० साली आले. छावणीत मुलांना मिळाली ती शाळा: प्राथमिक, माध्यमिक, शिवाय स्काउट पथके, चर्च, नाटके. शिकवणारेही बहुतेक निर्वासितच! रोज ठराविक वेळी घंटा, स्वतःच्या भाषेत धडा, आणि उद्याही वर्गात दिसणारे तेच बाई किंवा गुरुजी.

याचे मोल काय? त्याच सुमारास लंडनमध्ये ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम युद्धकाळातील बालगृहे चालवत होत्या. बाँबवर्षावापेक्षा आईपासूनची ताटातूट मुलांना जास्त मोडते, असे त्यांना दिसले. पुढे एमी वर्नर यांनी हवाईतील काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. अतिशय प्रतिकूल घरांतील मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश धडपणे मोठी झाली. त्यांच्या आयुष्यात जिव्हाळ्याचे निदान एक माणूस होते. कधी आजी, कधी शिक्षक.

वळिवड्याची शाळा हा नकळत झालेला उपचारच होता, असे आम्हाला वाटते. मात्र 'मुले सगळे विसरतात' असा अर्थ कोणी काढू नये. काउआईची उरलेली दोन तृतीयांश मुले अडचणीत आलीच होती. आणि वर्गात शहाण्यासारखे गप्प बसलेले मूल बरे झाले आहे की नुसतेच गप्प आहे, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही.

युद्ध संपले तेव्हा अनेकांची गावे सोव्हिएत हद्दीत गेली होती. १९४७-४८ मध्ये छावणी रिकामी झाली. बरेच जण पोलंडऐवजी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे गेले. त्याच जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. आजचे गांधीनगर ते हेच. पुण्याजवळ पिंपरीलाही तेव्हा सिंधी निर्वासितांची छावणी वसली होती. आपल्या विद्यार्थ्यांना तेथील आजी-आजोबांकडे जरूर पाठवावे. प्रश्न शाळेबद्दलचे, खेळांबद्दलचे असावेत. पलीकडचे सांगायचे की नाही, ते त्यांचे त्यांना ठरवू द्यावे.