सांगली, परभणी, जळगाव, रत्नागिरी: मध्यम लहरींची ओहोटी

सांगली १२५१ किलोहर्ट्झ, परभणी १३०५, रत्नागिरी ११४३, जळगाव ९६३. महाराष्ट्रातल्या एका पिढीला हे आकडे पाठ होते, कारण आकाशवाणीची सभा सुरू होताना उद्घोषक ते मीटरांसकट सांगायचा आणि श्रोता तेवढ्यात काटा नीट जुळवून घ्यायचा. आज या केंद्रांची नावं कायम आहेत, इमारती उभ्या आहेत, पण ज्या मध्यम लहरींवर ती वाढली त्या ऐकणारं घर शोधावं लागतं. याचं कारण विचारलं की एकच उत्तर मिळतं: दूरदर्शन आलं, एफएम आलं, मोबाइल आला, जुनं तंत्र मागं पडलं. हे उत्तर खोटं नाही, पण त्यात घटनांचा क्रम उलटा लागलेला आहे. माझ्या मते या केंद्रांमधलं ‘तिथलं’पण आधी झिजलं, आणि ते झिजल्यावर लहर वाचवावी असं कोणाला वाटण्याचं कारणच उरलं नाही.

मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ रोजी एका खासगी कंपनीनं सुरू केलं. ती कंपनी तीन वर्षांत बुडाली आणि प्रसारण सरकारकडे गेलं. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेल्या सहा केंद्रांपैकी आजच्या महाराष्ट्रात एकटी मुंबई होती. १९४८ मध्ये नागपूर, १९५३ मध्ये पुणे, १९६३ मध्ये सांगली, १९६८ मध्ये परभणी, १९७६ मध्ये जळगाव आणि १९७७ मध्ये रत्नागिरी अशी ही साखळी पुरी झाली. शेवटची चार नावं पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. यांतलं एकही महानगर नाही. ऊस-हळदीचा आणि नाटकांचा दक्षिण महाराष्ट्र, कापूस-ज्वारीचा मराठवाडा, केळीचा खानदेश, भात-मासळीचं कोकण: पीक बदललं, बोली बदलली, तिथं केंद्र आलं. परभणीला केंद्र मिळालं तेव्हा तिथलं कृषी विद्यापीठही स्थापन व्हायचं होतं, ते १९७२ मध्ये झालं. ही आखणी मध्यम लहरींच्या स्वभावाला साजेशी होती. या लहरी जमिनीला धरून सरकतात, डोंगराला वळसा घालतात, आणि २० किलोवॉटच्या ट्रान्समीटरवर आजूबाजूचे दोन-तीन जिल्हे कवेत घेतात. खाऱ्या पाण्यावरून तर त्या आणखी दूर जातात. म्हणून रत्नागिरीचा हवामानाचा इशारा मचव्यावरच्या छोट्या ट्रान्झिस्टरवरही पोचू शकत असे. केंद्राचा आवाका आणि माणसाचा मुलूख यांचं माप इतकं जुळणं प्रसारणाच्या इतिहासात क्वचितच घडलं असेल.

पण लहर पोचली म्हणजे केंद्र स्थानिक झालं असं नाही, आणि याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९५६ मध्ये पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत मंडळं स्थापन झाली. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे असे वीस कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर बोलायचं, जमेल ते करून पाहायचं, आणि आपल्या शंका केंद्राला कळवायच्या. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचं मूल्यमापन केलं. मंडळं असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं अशी तुलना त्यांनी केली. मंडळांच्या गावांत शेती, आरोग्य आणि गावकारभार यांविषयीची माहिती ठळकपणे वाढली होती, नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्या मानानं पुष्कळ कमी. तिन्ही महिने लहर तीच, आवाज तोच. फरक पडला तो गावाकडून केंद्राकडे परत जाणाऱ्या वाटेमुळे. या एका निष्कर्षावर माझं पुढचं सगळं म्हणणं उभं आहे.

त्याच पुणे केंद्रानं वर्षभर आधी, १ एप्रिल १९५५ रोजी, ‘गीतरामायण’ सुरू केलं. केंद्राचं वय तेव्हा दोन वर्षांचंही नव्हतं. अधिकारी सीताकांत लाड, कवी ग. दि. माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके. दर आठवड्याला एक नवं गीत याप्रमाणे ५६ गीतं झाली. या कामाचा गौरव करताना आपण प्रतिभेविषयी बोलतो, ते योग्यच आहे. पण असा वर्षभराचा जुगार मांडण्याचा निर्णय पुण्यातल्या पुण्यात घेता आला, ही गोष्टही तितकीच मोलाची होती. व्यंकटेश माडगूळकर याच केंद्राच्या ग्रामीण विभागात सुमारे तीन दशकं होते. माणदेशाची बोली कानात असलेला लेखक शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमांची जबाबदारी सांभाळतो, तेव्हा कार्यक्रमाची भाषा वरून उतरत नाही. छोट्या केंद्रांनी हीच रीत चालवली. बाजारभाव, पीकसल्ला, महिलांचे कार्यक्रम, आणि त्यांच्या जोडीनं गावोगावची भजनी मंडळं, शाहीर, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बाया. स्वरचाचणी व्हायची, श्रेणी ठरायची, त्याप्रमाणे बिदागी मिळायची. तालुक्याच्या गावातल्या गायकाला ‘आकाशवाणी कलाकार’ ही ओळख मिळाली की पंचक्रोशीत त्याचा मान वाढे. आणि पत्रं! पत्रोत्तराच्या कार्यक्रमात स्वतःचं आणि गावाचं नाव ऐकू येणं, ही १९५६ च्या त्या परतीच्या वाटेचीच साधी, स्वस्त आवृत्ती होती.

झीज कुठून सुरू झाली? मला तिची पहिली खूण पैशाच्या वाटेत दिसते. विविध भारती १९५७ मध्ये सुरू झाली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर इथं तिच्यावर जाहिराती आल्या. जाहिरातदाराला शहरी गिऱ्हाईक हवं असतं, हे उघड आहे. म्हणजे कमाईचा रेडिओ आणि सेवेचा रेडिओ यांच्यात तेव्हाच फट पडली, आणि छोटी केंद्रं दुसऱ्या बाजूला राहिली. पुढं १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओचा परवाना आणि त्याचं पोस्टात भरायचं शुल्क रद्द झालं. सामान्य माणसाच्या दृष्टीनं ते चांगलंच झालं. पण श्रोता आणि प्रसारण यांच्यातला पैशाचा थेट धागा त्याबरोबर तुटला, आणि केंद्रं पूर्णपणे दिल्लीच्या अनुदानाकडे डोळे लावून बसली. खरा घाव मात्र भरतीचा आहे. १९९७ मध्ये प्रसार भारती ही आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी संस्था प्रत्यक्षात आली आणि त्यानंतरच्या काळात कार्यक्रम विभागातली नियमित भरती जवळजवळ गोठली. निवृत्त झालेल्याची खुर्ची रिकामी राहू लागली आणि कामाचा भार नैमित्तिक उद्घोषकांवर आला. ही माणसं मनापासून राबली, पण महिन्यातून मोजके दिवस बोलावल्या जाणाऱ्या माणसाला गावोगाव हिंडून ध्वनिमुद्रण करायला कोण पाठवणार? मग वेळापत्रकातल्या रिकाम्या जागा सहक्षेपणानं भरल्या जाऊ लागल्या: थोडं मुंबईचं, थोडं दिल्लीचं, बरंचसं विविध भारतीचं. सहक्षेपणात वाईट काही नाही. प्रादेशिक बातम्या सगळ्या केंद्रांवरून एकाच वेळी ऐकू येणं हा त्याचाच लाभ होता. पण केंद्राचं स्वतःचं सांगणं आटत गेलं आणि सहक्षेपणाचं प्रमाण वाढत गेलं, तेव्हा १२५१ आणि १३०५ या दोन आकड्यांमधला फरक श्रोत्यासाठी पुसट होत गेला.

यावरचा सर्वांत मजबूत आक्षेप तंत्राचाच आहे आणि तो टाळता येणार नाही. मध्यम लहरींचा आवाज एफएमच्या तुलनेत बोदा असतो. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन दूरची केंद्रं त्यात मिसळतात. इन्व्हर्टर, चार्जर, एलईडी दिवे घरात आल्यापासून तर खरखर एवढी वाढली की भर दिवसाही ऐकणं जिकिरीचं झालं. शिवाय या लहरी पकडायला फेराइटची कांडी लागते. मोबाइलमध्ये एफएमची चिप बसली, ही कांडी कधीच बसली नाही. ट्रान्झिस्टर खिशातून गेला तसा मध्यम लहरींचा खिशातला मार्गही गेला. हे सगळं मान्य. पण मग एफएमवर काय घडलं तेही पाहावं लागेल. छोट्या शक्तीच्या कितीतरी सरकारी एफएम ट्रान्समीटरांना विविध भारतीच्या सहक्षेपणाचं काम मिळालं. आवाज स्वच्छ झाला, पण बोलणारा तिथला राहिला नाही. तंत्र हेच एकमेव कारण असतं, तर नव्या तंत्रावर जुनी केंद्रं पुन्हा फुलायला हवी होती. डिजिटल मध्यम लहरींचाही तोच धडा आहे. देशात तीसहून अधिक ट्रान्समीटर त्या पद्धतीवर आणले गेले, पण परवडणारा संच घराघरात नसेल तर त्यावर बोलायचं कोणासाठी? उलट सह्याद्रीच्या दऱ्यांत, जिथं एफएम सरळ रेषेत जाऊन डोंगराला अडतं, तिथं जुन्या लहरीची उपयुक्तता संपलेली नव्हती. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं रायगड-रत्नागिरीत विजेचे खांब आडवे केले, मोबाइलचे मनोरे बंद पाडले आणि अनेक गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. दोन सेलवर चालणारा रेडिओ अशाच दिवसांसाठी होता. पण तोपर्यंत तो बहुतेक घरांतून नाहीसा झाला होता.

दुसरा आक्षेप खर्चाचा. जुन्या व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरला प्रक्षेपणाच्या शक्तीच्या दुपटीच्या आसपास वीज लागायची. उंच मनोरा, त्याच्या भोवती जमिनीत पुरलेलं तांब्याच्या तारांचं जाळं, त्यासाठी कित्येक एकर जागा. एवढं करून ऐकतं कोण, हा प्रश्न हिशेबनीसानं विचारला तर तो चुकीचा नाही. पण आधी कार्यक्रम पातळ करायचे, मग श्रोते घटले म्हणायचं आणि मग त्याच घटीच्या आधारे खर्च नाकारायचा, या हिशेबात पहिली पायरीच गाळली जाते. तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: ही सरकारी केंद्रं होती, बातमीवर पकड दिल्लीची होती, मग त्यांना गावाचा आवाज म्हणायचं कशाच्या बळावर? आणीबाणीत आकाशवाणीनं काय केलं हे विसरता येत नाही. त्यानंतर नेमलेल्या वर्गीस समितीनं १९७८ मध्ये प्रसारणाच्या स्वायत्ततेची शिफारस केली, आणि त्यासाठीचा कायदा व्हायला १९९० उजाडलं. हा दोष केंद्रांच्या जन्मापासूनचा होता, आणि तोच त्यांना शेवटी भोवला. बोली, पीक, गाणं यांत केंद्राला मोकळीक होती तोवर गावानं त्याला आपलं मानलं. पण केंद्राचं भवितव्य ठरवण्याचा अधिकार त्या गावाला कधीच मिळाला नाही.

म्हणून ओहोटी आली तेव्हा किनाऱ्यावर गलका झाला नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रं बंद होत असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा कोणतंही केंद्र बंद केलं जात नसल्याचा खुलासा प्रसार भारतीनं केला. शब्दशः तो खरा असेल, केंद्राची पाटी जागेवर ठेवून त्याचे तास कमी करता येतात. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा निर्णय झाला. पुण्यात ओरड झाली आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. पुण्याकडे वृत्तपत्रं आहेत, नेते आहेत, गीतरामायणाची आठवण आहे. परभणीच्या श्रोत्याच्या पाठीशी यांतलं काय आहे?

गरज संपली असती तर सामुदायिक रेडिओ उगवला नसता. माणदेशातल्या म्हसवडला २००८ पासून महिलांच्या संस्थेनं चालवलेलं ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे केंद्र आहे. त्याची शक्ती सांगलीच्या ट्रान्समीटरच्या शंभराव्या हिश्शाचीही नाही, पण बोलणारे आणि ऐकणारे एकाच बाजाराला जातात. सर्वोच्च न्यायालयानं ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं, त्यानंतरच या वाटा खुल्या झाल्या. तरीही सामुदायिक असो की खासगी, एफएम केंद्राला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, फक्त आकाशवाणीच्या बातम्या ऐकवता येतात. पाणी कधी सोडणार, वीज कधी जाणार ही प्रशासनानं दिलेली सूचना चालते. सूचनेप्रमाणे पाणी आलं नाही, तर ते का आलं नाही हे शोधून सांगणारी बातमी तालुक्याच्या हवेत अजून कोणालाही बोलता येत नाही.