काचेतला समुद्र आणि जिवंत दगड

राजांच्या लढाया आणि त्यांचे तहनामे यांचाच तेवढा इतिहास असतो, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. परंतु क्षुल्लक दिसणाऱ्या छंदासही स्वतःचा इतिहास असतो, आणि मनुष्यस्वभावाचे जे दर्शन लढायांच्या वर्णनांत घडत नाही, ते कधी कधी अशा छंदाच्या इतिहासात घडते. समुद्राचे पाणी काचेच्या टाकीत भरून त्यात पोवळी, समुद्रफुले व मासे वाढविणे हा असाच एक छंद होय. या छंदाच्या परिभाषेत ज्यास ‘जिवंत दगड’ म्हणतात, त्याची कथा आज वाचकांपुढे मांडावयाची आहे.

प्रथम या नावाचा उलगडा केला पाहिजे. दगड जिवंत कसा असेल, ही शंका रास्तच आहे. हा दगड म्हणजे बहुधा मेलेल्या पोवळ्यांचा चुनामय सांगाडा; तो स्वतः निर्जीव. पण वर्षानुवर्षे समुद्रतळाशी पडून राहिल्यामुळे त्याच्यावर गुलाबी-जांभळ्या शेवाळाचे कवच चढते, त्याच्या भोकाभोकांतून स्पंज, किडे व बारीक खेकडे वस्ती करितात, आणि डोळ्यांस न दिसणारे असंख्य जीवाणू आत खोलवर घर करून राहतात. एखाद्या पडक्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदावीत, तसा हा प्रकार आहे.

कथेचा आरंभ इंग्लंडात होतो. १८४६ साली अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत पोवळी लंडनास आणली. समुद्र दूर, वारंवार ताजे पाणी आणविणे कठीण. तेव्हा तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात हवा खेळविण्याची युक्ती त्यांनी योजिली. हे काम रोज बराच वेळ चाले, आणि ते बहुतेक त्यांच्या घरच्या मोलकरणीच्या वाट्यास येई. पुढील वर्षी त्यांनी समुद्रशेवाळ चिकटलेले दगडाचे तुकडे मागविले व ते पाण्यात सोडले. शेवाळ पाण्यास प्राणवायू पुरवू लागले, आणि पोवळी जगली, एवढेच नव्हे तर त्यांची प्रजाही वाढली. बाईंचे नाव इतिहासाने जपले. पाणी ओतणाऱ्या त्या मोलकरणीचे नाव मात्र कोणी सांगत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण या कथेत तिचे प्रयोजन पुन्हा पडणार आहे.

१८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन याने वनस्पती व प्राणी एकाच पात्रात परस्परांस कसे तगवितात, हे रसायनशास्त्रज्ञांपुढे मांडले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मग काय विचारता! घरोघरच्या दिवाणखान्यांत काचेचे समुद्र दिसू लागले, आणि किनाऱ्यावरील खडकांतल्या डबक्यांवर छिन्नी-हातोडी घेतलेल्या हौशी लोकांची झुंबड उडाली. गॉसचा पुत्र एडमंड याने १९०७ साली आपल्या पित्याच्या आठवणी लिहिल्या, त्यांत ती सुंदर डबकी कशी उजाड झाली याचे खेदपूर्वक वर्णन केले आहे. ज्या पुरुषाने लोकांस समुद्रावर प्रेम करावयास शिकविले, त्याच्याच शिकवणीने समुद्रकिनारा लुटला गेला.

बरे, एवढे करून घरी आणलेले जीव तरी जगत होते काय? बहुधा नाही. प्राणवायूचे कोडे सुटले होते. मलमूत्राचे सुटले नव्हते. मासे आणि इतर जीव यांच्यापासून पाण्यात अमोनिया साचतो, आणि तो विषारी आहे. सर्गेई विनोग्राड्स्की याने १८९० च्या सुमारास दाखवून दिले की, काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट व काही नायट्राइटचे नायट्रेट करून त्यावरच आपला निर्वाह चालवितात. शेतीच्या दृष्टीने हा शोध तत्काळ महत्त्वाचा ठरला, पण काचेच्या टाक्या बाळगणाऱ्यांस त्याचा अर्थ उमगण्यास पुष्कळ काळ लागला. ते आपले स्वच्छतेच्याच मागे लागले होते. टाकीत शोभेसाठी ठेवावयाचे पोवळ्यांचे सांगाडे औषधी पाण्यात धुऊन पांढरेशुभ्र करावेत, अशी वहिवाट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही होती. ज्या बिऱ्हाडकरूंनी घर झाडून स्वच्छ ठेवावयाचे, त्यांनाच प्रथम हाकलून द्यावयाचे, असा तो न्याय होता.

या समजुतीस धक्का दिला तो जकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थाने. १९६१ साली अमेरिकेतील एका मासिकात त्याने आपली ‘नैसर्गिक’ पद्धत प्रसिद्ध केली. समुद्राचे पाणी, भरपूर उजेड, हवेचे बारीक बुडबुडे, आणि समुद्रातून जीवजंतूंसह उचलून आणलेले दगड, एवढेच त्याचे साहित्य. समुद्र त्याच्या दाराशी होता. ज्यांच्यापर्यंत दगड दीर्घ प्रवास करून पोहोचत, त्यांची फजिती होई, कारण वाटेत मेलेले जीव टाकीत कुजून सर्वच नासवीत. अनुभवाने लोक शिकले. नवा दगड काही आठवडे निराळ्या भांड्यात वाहत्या पाण्यात ठेवावा, आणि अमोनिया व नायट्राइट नाहीसे झाल्यावरच टाकीत घालावा, हा नियम ठरला. पुढे बर्लिनमधील हौशी मंडळींनी या दगडांस तेजस्वी दिव्यांची, मळ फेसावाटे काढून टाकणाऱ्या यंत्राची, आणि पीटर विल्केन्स याने पुरस्कारिलेल्या चुन्याच्या निवळीची जोड दिली. तेव्हा कोठे पोवळी घरात वर्षानुवर्षे वाढू लागली.

दगडाच्या पोटात काय चालते, हे आता समजते. त्याच्या वरच्या थरात प्राणवायू असतो, तेथे अमोनियाचे नायट्रेट होते. आत प्राणवायू विरळ होत जातो, तेथील निराळे जीवाणू नायट्रेटचा नत्रवायू करितात, आणि तो पाण्याबाहेर निघून जातो. थिनबाईंच्या मोलकरणीने पाण्यात हवा खेळविली. तिच्या कष्टांनी न होणारे उरलेले काम हे अदृश्य सेवक रात्रंदिवस करीत असतात. त्यांच्याकडेही कोणाचे लक्ष जात नाही. पाहुणे येतात ते रंगीत मासे पाहावयास.

परंतु ज्यांनी अशा टाक्या दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे सांभाळल्या, त्यांचा अनुभव आणखी एक गोष्ट शिकवितो. दगडाचे जिवंतपण कायमचे नसते. त्याची भोके गाळाने बुजत जातात. चुनामय दगड फॉस्फेट धरून ठेवतो आणि पुढे तेच पाण्यात सोडू लागतो. नवी भर न पडल्यामुळे काही जाती नाहीशा होतात, तर उपद्रवी समुद्रफुलांसारख्या काही माजतात. म्हणून जाणते लोक दगडांवरील गाळ प्रवाहाने झटकतात, थोडे थोडे पाणी नियमाने बदलतात, आणि मधून मधून नव्या दगडाचा तुकडा घालून वस्ती ताजी करितात. वाड्याची डागडुजी थांबली की वाडा ढासळतो, तसेच हे आहे.

हा नवा दगड आणावयाचा कोठून, हा खरा प्रश्न होय. गॉसच्या काळी जे किनाऱ्यावर घडले तेच प्रवाळभित्तींवर घडू लागले, आणि दगडांची टनांनी निर्यात होऊ लागली. १९९० च्या दशकात अमेरिकेने फ्लोरिडालगतच्या समुद्रातून नैसर्गिक दगड उचलणे बंद केले. मग तेथील लोकांनी खाणीतील चुनखडक नेमून दिलेल्या जागी समुद्रतळाशी मांडावयास व तो जिवांनी भरल्यावर उचलावयास आरंभ केला. पुष्कळजण आता कोरडे किंवा कृत्रिम दगड घेतात आणि विरजणाप्रमाणे जिवंत दगडाचा एक लहान तुकडा त्यांत ठेवून महिनोन्महिने वाट पाहतात. आपल्या देशात २००१ साली भित्ती बांधणाऱ्या पोवळ्यांस वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, मालवणच्या समुद्रातही पोवळी आहेत. तेथून हौसेखातर तुकडा उचलणे हा आता गुन्हा आहे.

काहींस हा निर्बंध जाचक वाटेल. पण दीडशेहून अधिक वर्षांच्या या इतिहासाचा निष्कर्ष त्यांनी विचारात घ्यावा. काचेतला समुद्र टिकतो तो बाहेरच्या समुद्रातून उसन्या आणलेल्या, न दिसणाऱ्या मजुरांच्या जिवावर. ज्या घरातून ते मजूर येतात तेच घर मोडून आपला दिवाणखाना सजविण्यात शोभा नाही. विरजणाची वाट पाहण्यास जो तयार आहे, त्याने खुशाल हा छंद करावा. ज्यास तेवढा धीर नाही, त्याने ओहोटीच्या वेळी मालवणच्या खडकांवर जाऊन बसावे आणि डबक्यातले जग डोळे भरून पाहून मोकळ्या हातांनी घरी परतावे.