दोन चौकोनांमधल्या रेघेचं कूळ

सॉफ्टवेअरचा आराखडा मांडणारा माणूस फळ्यावर आधी चौकोन काढतो आणि मग त्यांच्यामध्ये रेघा ओढतो. चौकोन म्हणजे क्लास: ग्राहक, बिल, खातं, ट्रक. चौकोनांवर फारसं कुणी भांडत नाही. वाद होतात ते रेघांवरून. कुठे साधी रेघ, कुठे टोकाला पोकळ त्रिकोण, कुठे शंकरपाळ्याच्या आकाराचा छोटा डायमंड, तोही कधी पोकळ, कधी भरलेला. शिकणाऱ्याला वाटतं, ही सगळी खूणपट्टी कुणीतरी एका बैठकीत ठरवली असेल. तसं झालेलं नाही. त्रिकोणामागची कल्पना नॉर्वेची, साध्या रेघेचं घराणं अमेरिकेतल्या डेटाबेसवाल्यांचं. दोन्ही घरांची सोयरीक जुळली ती १९८०च्या दशकात. आराखडा आणि कोड यांच्यात आजही जी कुरबुर चालते, ती या दोन घरांच्या वेगळ्या रीतींमुळे.

आधी नॉर्वेचं घर. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टेन न्यूगार्ड आणि ओले-योहान डाल हे दोघे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून सिम्युलेशनच्या भाषेवर काम करत होते. कारखान्यातलं काम कुठे तुंबतं, रांग किती वाढते, असे प्रश्न संगणकावर खेळवून पाहायचे होते. सिम्युला नावाची त्यांची पहिली भाषा युनिव्हॅक ११०७ या यंत्रावर चालू लागली. वापरताना एक अडचण वारंवार समोर येऊ लागली: निरनिराळ्या वस्तूंमध्ये बरंच काही सारखं असतं, तरी प्रत्येकीसाठी ते पुन्हा पुन्हा लिहावं लागतं. १९६६ साली फ्रान्समधल्या एका उन्हाळी अभ्यासवर्गात टोनी होअर यांनी रेकॉर्ड आणि त्याचे उपप्रकार अशी मांडणी केली. ती या दोघांच्या डोक्यात घोळत होती, पण तेवढ्यानं काम भागत नव्हतं.

गाठ सुटली त्याच वर्षाच्या डिसेंबरात, एका टोलनाक्याच्या उदाहरणावर. पुलावर टोलनाका आहे, समोर ट्रक आणि बसची रांग लागली आहे. रांगेतल्या प्रत्येक गाडीला आपल्या पुढे कोण आणि मागे कोण हे ठाऊक हवं. ही जोडणी ट्रकला जी, तीच बसला. पुढे मात्र वाटा फुटतात: ट्रकला माल असतो, बसला प्रवासी. डाल आणि न्यूगार्ड यांनी रांगेत उभं राहण्यापुरता भाग वेगळा काढला, त्याला ‘लिंक’ म्हटलं आणि हा शब्द ट्रकच्या व्याख्येच्या आधी जोडला. जणू उपसर्गच, त्यांनीही त्याला ‘प्रीफिक्स’ असंच नाव दिलं. त्यातून तयार होणारी वस्तू एकच, अखंड. वरचा थर रांगेचा, खालचा ट्रकचा. टोलनाकाही तसाच: रांगेचं डोकं म्हणून लागणारा सर्वसाधारण भाग आणि त्याखाली नाक्याचं स्वतःचं काम. मे १९६७ मध्ये ऑस्लोजवळच्या लिसेबू इथे भरलेल्या परिषदेत त्यांनी ही कल्पना मांडली. क्लास, ऑब्जेक्ट, सबक्लास ही आज घराघरात पोचलेली मंडळी सिम्युला ६७ मधली. त्रिकोणाचा बाण मागून आला, पण तो जी गोष्ट सांगतो ती याच टोलनाक्यावर ठरली.

एक गोष्ट मात्र या घरात राहून गेली. ट्रक हा रांगेत उभा राहू शकणारा प्रकार आहे, हे सांगायला भाषेत रीतसर व्याकरण होतं. हा ट्रक अमुक कंपनीचा आहे, हे सांगायला मात्र काहीच खास नव्हतं. ट्रकच्या आत एक चल ठेवायचा आणि त्यात कंपनीचा पत्ता लिहायचा, एवढंच. पत्ता एकतर्फी. ट्रकवरून कंपनी सापडते, कंपनीवरून ट्रक शोधायचे तर तिकडे वेगळी यादी ठेवावी लागते. पुढे स्मॉलटॉक, सी प्लस प्लस, जावा या सगळ्यांनी हीच वाट धरली. वारशाला शब्द मिळाला, नात्याला नाही.

नात्याची कदर होती दुसऱ्या घरात. तिथे प्रोग्रामपेक्षा दप्तर मोठं. जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाकमन यांनी १९६०च्या दशकात आयडीएस ही डेटाबेस प्रणाली उभी केली. तिच्यात कोणत्या प्रकारची नोंद कोणत्या नोंदींची मालक आहे हे दाखवण्यासाठी ते चित्रं काढत. चौकोन म्हणजे नोंदीचा प्रकार, बाण म्हणजे एका मालकाकडून अनेक सभासदांकडे जाणारं नातं. ही पद्धत त्यांनी १९६९ साली छापून प्रसिद्ध केली आणि १९७३ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आजच्या क्लास डायग्रामचा नाकनकाशा या चित्रांत स्पष्ट दिसतो.

१९७६ साली एमआयटीतल्या पीटर चेन यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या एंटिटी-रिलेशनशिप मॉडेलमध्ये नातं नुसती रेघ राहिलं नाही. त्याला स्वतःचं नाव आणि स्वतःचा डायमंडचा आकार मिळाला, रेघांवर १, एन, एम अशी संख्या आली. दप्तर सांभाळणाऱ्यांना याची गरज का वाटली, हे नोकरीच्या उदाहरणावरून कळतं. माणूस कंपनीत काम करतो. त्याचा पगार कुणाचा गुण? माणसाचा म्हणावं तर त्यानं दोन ठिकाणी काम धरलं की गोंधळ. कंपनीचा म्हणावा तर प्रत्येकाचा वेगळा. पगार आहे त्या नोकरीचा, म्हणजे दोघांमधल्या नात्याचा. नात्याला जागाच नसेल, तर पगार ठेवायचा कुठे?

पुढच्याच वर्षी जॉन स्मिथ आणि डायान स्मिथ यांनी डेटाबेसच्या अभ्यासात दोन शब्द शेजारी बसवले: जनरलायझेशन आणि ॲग्रिगेशन. त्यांच्या लेखी ॲग्रिगेशन म्हणजे अनेक गोष्टींमधलं नातं हीच एक नवी वस्तू मानणं. माणूस, हॉटेल आणि तारीख यांचं मिळून एक ‘आरक्षण’ होतं. इंजिनाचे सुटे भाग आणि इंजीन हा अर्थ त्याला पुढे चिकटला, आणि पोकळ डायमंडाच्या नशिबातला घोळ तिथूनच सुरू झाला.

दोन्ही घरांची गाठ पडली न्यू यॉर्क राज्यात स्केनेक्टडी इथे, पुन्हा जनरल इलेक्ट्रिकच्याच छताखाली. तिथल्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या जेम्स रम्बॉ यांनी १९८७च्या ऊप्स्ला परिषदेत एक निबंध वाचला. ऑब्जेक्टवाल्या भाषांमध्ये क्लासला जसा मान आहे, तसाच तो नात्यालाही हवा, असं त्यांचं म्हणणं. पत्ते लिहून ठेवण्यानं नातं दोन तुकड्यांत विभागलं जातं आणि ते तुकडे जुळते ठेवण्याची जबाबदारी प्रोग्रामरच्या गळ्यात पडते.

हे जवळून पाहू. सुनील एक कंपनी सोडून दुसरीत गेला. आराखड्यात एक रेघ मोडली, दुसरी जुळली. कोडमध्ये मात्र तीन कामं आहेत: सुनीलच्या ऑब्जेक्टमधला कंपनीचा पत्ता बदलायचा, जुन्या कंपनीच्या यादीतून त्याला काढायचं, नव्या यादीत घालायचं. यातलं मधलं काम विसरलं तर प्रोग्राम चालत राहतो. फक्त जुनी कंपनी सुनीलला अजून आपल्याच माणसांत धरते आणि महिनाअखेर त्याचा पगार काढते.

रम्बॉ आणि चार सहकाऱ्यांनी १९९१ साली ही सगळी पद्धत पुस्तकात मांडली. तिचं नाव ऑब्जेक्ट मॉडेलिंग टेक्निक, बोलताना ओएमटी. तिच्यात वारशाला त्रिकोण होता, अवयव-अवयवी नात्याला पोकळ डायमंड आणि ‘अनेक’ म्हणायला रेघेच्या टोकाला भरीव गोळा. गोळा पोकळ असेल तर ‘शून्य किंवा एक’. १९९४ साली आलेल्या डिझाइन पॅटर्न्सच्या गाजलेल्या पुस्तकातल्या आकृत्याही याच वळणाच्या. त्या पुस्तकाच्या लेखकांनी तेव्हाच नोंदवलं होतं, की एक वस्तू दुसरीचा भाग आहे की नुसती ओळखीची, हे भाषेच्या यंत्रणेपेक्षा लिहिणाऱ्याच्या हेतूवर ठरतं.

तोवर अशा पद्धतींचं पेव फुटलं होतं. १९८९ ते १९९४ या काळात त्या दहाच्या आतून पन्नासच्या वर गेल्या. ग्रेडी बूच क्लाससाठी तुटक रेघांचे ढग काढायचे, स्वीडनचे इव्हार याकोबसन वापरकर्त्याच्या कामांपासून सुरुवात करायचे. १९९४ साली रम्बॉ बूच यांच्या रॅशनल कंपनीत दाखल झाले, पाठोपाठ याकोबसनही आले. तिघांनी मिळून जी लिपी घडवली ती यूएमएल. नोव्हेंबर १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपनं तिला मानक म्हणून स्वीकारलं. ढग गेले, चौकोन राहिले. गोळे जाऊन त्यांच्या जागी सरळ आकडे आले: ०..१, १..*. त्रिकोण बाणाचं टोक होऊन पालक क्लासला चिकटला.

डायमंड मात्र एकाचे दोन झाले. बूच यांच्या पद्धतीत एक फरक आधीपासून होता: वस्तू दुसरीला पोटात ठेवते की फक्त तिचा पत्ता बाळगते. सी प्लस प्लस लिहिणाऱ्याला हा फरक जीवनमरणाचा, कारण पोटातली वस्तू बाहेरच्या वस्तूबरोबरच नष्ट होते. भरलेल्या डायमंडाचा, म्हणजे कॉम्पोझिशनचा, नियम याच जातीचा आहे: भाग एका वेळी एकाच मालकाचा आणि मालक गेला की भागही जातो. बिल पुसलं की त्यातल्या ओळी उरत नाहीत. पोकळ डायमंडाला असा पक्का नियम कधीच मिळाला नाही. त्याचा नेमका अर्थ वापरणाऱ्यावर सोपवला आहे, असं खुद्द मानकातच म्हटलं आहे. रम्बॉ यांनी तर पुढे त्याची गणना प्लासिबोत केली: घेणाऱ्याला बरं वाटतं, औषध त्यात नसतं. तरी इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत ॲग्रिगेशन आणि कॉम्पोझिशनमधला फरक आजही हमखास विचारतात आणि पाठ केलेलं उत्तर दिलं की परीक्षक खूश होतो.

दोन घरांच्या रीतींचं भांडण मिटवायचे प्रयत्न तेव्हापासून चालूच आहेत. पुण्यात टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन संस्थेत मास्टरक्राफ्ट नावाचं साधन घडलं. मॉडेलमधूनच कोड तयार करायचा, म्हणजे रेघेचा अर्थ प्रत्येक प्रोग्रामरनं आपापल्या मनानं लावायला नको, असा त्यामागचा विचार. जावात डेटाबेसशी बोलणाऱ्या जेपीएनं मधला मार्ग काढला. दुतर्फी नातं लिहिताना त्याची मालकी कोणत्या बाजूकडे हे प्रोग्रामरला सांगावं लागतं आणि डेटाबेसमध्ये पोचतात ते त्याच बाजूचे बदल. नवखा माणूस कंपनीच्या यादीत सुनीलला घालतो, डेटाबेसमध्ये काहीच होत नाही आणि तो दुपारभर डोकं धरून बसतो. ऑब्जेक्टच्या घरात नातं दोन पत्त्यांचं असतं, टेबलांच्या घरात ते एकदाच लिहिलेलं असतं. दोन्ही बाजूंचं ऐकायचं तर एकीला मालक ठरवावंच लागतं.

म्हणून अनुभवी माणूस डायमंड काढायची घाई करत नाही. आधी रेघेला नाव देतो. मग विचारतो: या टोकाला किती, त्या टोकाला किती, कोणत्या बाजूकडून शोधायची वेळ येते, आणि एक बाजू पुसली तर दुसरीचं काय करायचं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं चेन यांच्या काळापासून रेघेवर लिहिली जात आहेत. तिसरा प्रश्न सिम्युलाच्या एकतर्फी पत्त्यांनी मागे ठेवलेला. चौथ्याचं उत्तर ‘तीही जाईल’ असं आलं तरच डायमंड काढावा, आणि तो भरलेला.