मनोऱ्याची कुळकथा

ओपन वर्ल्ड गेम खेळणाऱ्याला हा क्रम तोंडपाठ असतो. नव्या मुलखात पाऊल टाकलं की मॅपवर तो भाग धुक्याखाली असतो. जवळचा सर्वांत उंच मनोरा हेरायचा, कठडे आणि खोबणी धरत वर चढायचं, टोकावर पोचून एक बटण दाबायचं. कॅमेरा चौफेर फिरतो, धुकं विरतं आणि मॅपवर आयकॉनचा सडा पडतो: इथे पेटी, तिथे शत्रूची छावणी, पलीकडे शर्यत. खाली उतरून एकेका आयकॉनचा निकाल लावायचा आणि पुढच्या मनोऱ्याकडे निघायचं. कधी दमास्कस असतं, कधी उष्ण कटिबंधातलं बेट, कधी शिकागो. देश बदलतो, काळ बदलतो, काम तेच राहतं.

या खेळांचा शीण येतो, अशी तक्रार आता गेमर सर्रास करतात. ‘ओपन वर्ल्ड फटीग’ हे तिचं नावही रुळलं आहे. बहुतेकांचं निदान असं, की गेम अवाढव्य झाले. मला ते पटत नाही. हेच गेमर एखाद्या खेळात घोड्यावरून विनाकारण तासभर भटकतात, कड्यावर उभं राहून सूर्योदयाची वाट पाहतात. शीण मुलखाचा नाही, मुलखावर पसरलेल्या कामांच्या यादीचा आहे. ही यादी कुठून आली, हे मनोऱ्याचं कूळ शोधत गेलं की उलगडतं.

या कुळाचा मूळपुरुष मनोरा नसून गुहा आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली मॅमथ केव्ह ही जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा. बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत विल क्राउदर हे प्रोग्रॅमर होते. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर ते काम करत आणि सवडीने पत्नी पॅट्रिशिया यांच्यासह गुहांची मोजणी करत. फ्लिंट रिज आणि मॅमथ या गुहा आतून एकमेकींना जोडलेल्या आहेत, हे १९७२ साली ज्या तुकडीने सिद्ध केलं, तिच्यात पॅट्रिशिया होत्या. पुढे दोघं विभक्त झाले. आपल्या दोन मुलींसाठी क्राउदर यांनी १९७५-७६च्या सुमारास पीडीपी-१० या संगणकावर, फोरट्रान भाषेत त्या गुहेवर बेतलेला एक खेळ लिहिला. ‘कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’ या नावाने तो आज ओळखला जातो. १९७७ साली स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांनी त्यात मोठी भर घातली.

त्या खेळात एकही चित्र नव्हतं. पडद्यावर दोन-चार वाक्यांत जागेचं वर्णन यायचं आणि खेळणारा ‘पूर्व’, ‘खाली’, ‘आत’ असे शब्द टंकायचा. नकाशा हवा असेल तर कागद-पेन्सिल घेऊन आपला आपणच काढायचा. डेनिस जर्झ या अभ्यासकांनी पुढे त्या गुहेत प्रत्यक्ष उतरून खेळाशी पडताळणी केली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात खेळातल्या अनेक जागांची खऱ्या गुहेशी गाठ घालून दिलेली आहे. म्हणजे या प्रकाराची सुरुवातच मुळी अशा माणसापासून झाली, ज्याने ती जागा दोरी-कंपास घेऊन, पोटावर सरपटत मोजली होती.

दुसरी शाखा इंग्लंडात फुटली. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल हे केंब्रिजमध्ये शिकणारे दोन तरुण. १९८४ सालचा त्यांचा ‘एलिट’ हा गेम बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकावर चाले. त्या यंत्राची मेमरी होती ३२ केबी. तेवढ्या जागेत त्यांनी ८ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. ग्रहांची नावं आणि माहिती साठवून ठेवणं अशक्यच होतं. म्हणून एका बीजसंख्येपासून ठरलेल्या गणिताने ती दर वेळी नव्याने, पण तंतोतंत तशीच तयार होत. यान घ्या, व्यापार करा, चाचेगिरी करा, कुणी अडवत नाही. मोकळीक आणि गणिताने वाढणारं आकारमान या दोन्ही गोष्टी या कुळात इथून आल्या.

तिसरी शाखा जपानची. क्योतोजवळच्या सोनोबे गावात वाढलेले शिगेरू मियामोतो लहानपणी रानात भटकत. एकदा त्यांना गुहेचं तोंड दिसलं. दुसऱ्या खेपेला ते कंदील घेऊन आत गेले. ती हुरहुर खेळणाऱ्याला द्यावी म्हणून त्यांनी ताकाशी तेझुका यांच्यासोबत १९८६ साली ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ घडवला. त्याचा पहिला पडदा आजही पाहण्यासारखा आहे. मधोमध लहानगा नायक, हातात शस्त्र नाही, तिन्ही बाजूंना वाटा आणि डोंगरात एक काळं भोक. आत जा, असं कुणी सांगत नाही. गेलात तर आतला म्हातारा तलवार देतो. नाही गेलात तर निःशस्त्र पुढे निघता. ती तलवार मिळाल्याचा आनंद आपण स्वतः भोकाकडे पाहिलं, याचा असतो.

या तिन्ही शाखांत खेळणाऱ्याने स्वतः पाहणं हाच खेळ होता. २००२ सालच्या ‘मोरोविंड’पर्यंत ही रीत टिकली. बेथेस्डा कंपनीच्या या गेममध्ये तुम्ही सेयडा नीन नावाच्या दलदलीतल्या बंदरावर उतरता. हातात एक कागद मिळतो. बालमोरा गावात अमुक गुत्त्यात जा आणि काययस कोसाडेस कुठे राहतो ते विचारा, एवढाच त्याचा आशय. पुढच्या वाटा माणसंच सांगतात. नदीच्या काठाने उत्तरेला जा, पूल लागला की डावीकडे वळा, कडा दिसला की थांबा. गेमच्या खोक्यात कागदी नकाशा असे आणि तो टेबलावर पसरून लोक खेळत. वाट चुकायची, सांगणाऱ्याचं वर्णन अपुरं असायचं, त्रास व्हायचा. पण त्या मुलखात एकदा पायी हिंडलेल्या माणसाला त्याच्या वाटा वर्षांनंतरही आठवतात.

२००६ साली याच मालिकेतला ‘ऑब्लिव्हियन’ आला आणि पडद्याच्या तळाशी होकायंत्राची पट्टी आली. जिथे जायचं तिथला मार्कर त्या पट्टीवर दिसू लागला. मोठी शहरं मॅपवर आधीपासूनच खुली होती. शहरावर क्लिक केलं की तिथे पोचलात. या बदलामागची सोय समजण्यासारखी होती. ‘मोरोविंड’मधले बहुतेक संवाद लेखी होते. ‘ऑब्लिव्हियन’मधलं प्रत्येक पात्र बोलत होतं, आणि वाटेचं लांबलचक वर्णन नटाकडून वदवून घेण्यापेक्षा एक बाण दाखवणं किती तरी सोपं. शिवाय चुकलेला खेळाडू वैतागून गेम सोडतो, ही धास्ती होतीच. पण डोळा एकदा पट्टीवर गेला की डोंगराकडे परत जात नाही. इथे पाहण्याची जागा पोचण्याने घेतली.

मनोरा आला तो याच्या पुढच्या वर्षी. युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओत पात्रीस देझिले आणि त्यांचे सहकारी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा पुढचा भाग म्हणून एका खेळावर काम करत होते. तो वाढत वाढत २००७ साली ‘असॅसिन्स क्रीड’ झाला. काळ ११९१ सालचा, तिसऱ्या क्रूसेडचा. शहरं तीन: दमास्कस, एकर, जेरुसलेम. नायक अल्तायर मशिदींचे मिनार आणि चर्चचे मनोरे चढून टोकाच्या लाकडावर पाखरासारखा बसतो. शेजारून गरुड ओरडत जातो, कॅमेरा शहराभोवती फिरतो आणि त्या भागाचा मॅप उघडतो. मग खालच्या गवताच्या गाडीत झेप. ती जागा पहिल्यांदा चढणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा. इतकं मोठं शहर इतक्या उंचीवरून, आणि दिसतंय तिथे कुठेही जाता येतं, हे तोवर फार थोड्यांनी अनुभवलं होतं.

या पहिल्या गेममध्ये एक बारकावा आहे. प्रत्येक शहरात असॅसिनांचं एक गुप्त ठाणं असतं. तिथला प्रमुख कामगिरीआधी तोंडी सांगतो, की अमुक दिशेच्या बाजारात कान द्या, तमुक वस्तीत चौकशी करा. त्याच्या शब्दांवर विसंबून शहर शोधता येतं. पण मनोरा चढलात की त्याच जागा मॅपवर आयकॉन म्हणून उमटतात. मग ठाण्याच्या प्रमुखाचं कोण ऐकणार? एकाच खेळात दोन रीती शेजारी शेजारी होत्या, एक ऐकून-पाहून शोधण्याची, दुसरी खुणेवर चालत जाण्याची. पुढच्या भागांनी दुसरी उचलली. २००९च्या दुसऱ्या भागात शहराशहरांत १०० पिसं दडवलेली होती. त्यांना निदान कथेचा आधार होता, कारण नायकाचा मारला गेलेला धाकटा भाऊ ती गोळा करत असे. नंतरच्या अनेक खेळांत कथा गळून पडली आणि गोळा करणं तेवढं उरलं.

युबिसॉफ्टच्याच २०१२च्या ‘फार क्राय ३’मध्ये मिनाराचा रेडिओ टॉवर झाला. २०१४च्या ‘वॉच डॉग्ज’मध्ये शिकागोतले टॉवर हॅक करायचे होते. इतर कंपन्यांनीही ही युक्ती उचलली. तिच्यामागे कारखानदारीचं गणित होतं. २०१४ साली आलेल्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’वर युबिसॉफ्टचे दहा स्टुडिओ राबले. इतक्या लोकांत काम वाटायचं तर पेटी, छावणी, शर्यत असे ठरीव तुकडे सोयीचे. ते कुठेही बसवता येतात आणि जाहिरातीत खेळाचे तास वाढवून दाखवता येतात. त्या ‘युनिटी’त क्रांतिकाळातलं पॅरिस उभं केलं होतं. नोत्र दामची घडण पाहून आजही थक्क व्हायला होतं. पण मॅप उघडला की आयकॉनांच्या दाटीखाली पॅरिस दिसेनासं व्हायचं. काही पेट्या तर मोबाइलवरचं वेगळं ॲप वापरल्याशिवाय उघडतच नसत. शहर पाहण्यासाठी जन्मलेला मनोरा शहर झाकण्याच्या कामी लागला होता. २०१८च्या ‘फार क्राय ५’मध्ये सुरुवातीलाच एक टॉवर चढायला लावून एक पात्र नायकाला दिलासा देतं, की आता गावोगाव टॉवर चढायला तुला पाठवणार नाही. खुद्द निर्मात्यांपर्यंत तक्रार पोचली होती.

दरम्यान स्वतः पाहण्याची जुनी परंपराही जिवंत होती. फुमितो उएदा यांचा ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’ २००५ साली आला. भलामोठा ओसाड मुलूख, एक घोडा, १६ महाकाय प्राणी. वाटेत गाव नाही, दुसरा शत्रू नाही. वाट शोधायची तर उन्हात उभं राहून तलवार उंचावायची. तिच्यावरून परतलेला प्रकाश योग्य दिशेला एकवटतो. सावलीत ही युक्ती चालत नाही, म्हणून आधी ऊन शोधावं लागतं. खूण मॅपवर नव्हती, हवेत आणि उजेडात होती.

या परंपरेने २०१७ साली मनोऱ्यालाच सुधारलं. हिदेमारो फुजिबायाशी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या झेल्डा गेममध्येही टॉवर आहेत. पण ते चढल्यावर फक्त जमिनीचा आकार उघडतो: नद्या आणि डोंगर. आयकॉन एकही येत नाही. टोकावर उभं राहून दुर्बिणीतून न्याहाळायचं, काही चमकताना दिसलं तर आपल्या हाताने पिन लावायची. जपानमधल्या विकासकांच्या एका परिषदेत त्याच वर्षी झेल्डा बनवणाऱ्या निंटेंडो कंपनीच्या चमूने आपली रीत उलगडून सांगितली. मुलूख त्रिकोणांनी रचलेला आहे. समोर टेकडी आली की चढायचं की वळसा घालायचा, हा निर्णय आपला. टेकडीमागे काहीतरी दडलेलं असतं आणि चालता चालता ते हळूहळू उघडं होतं. अंतरांचा अंदाज यावा म्हणून त्यांनी आपल्या ओळखीच्या क्योतो शहराचा नकाशा खेळाच्या जगावर ठेवून पाहिला होता. हा मुलूख लहान नव्हता. शीण आला नाही, कारण पाहण्याचं काम खेळणाऱ्याकडे परत आलं.

पुढे वाट रुंदावली. २०२०च्या ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’त जिथे जायचं तिकडे वारा वाहतो आणि गवत त्या दिशेला झुकतं. २०२२च्या ‘एल्डन रिंग’मध्ये मैलोगणती दिसणारं सोनेरी झाडच दिशा देतं. ‘त्सुशिमा’ची पुढची हकिकत तर खेळाबाहेर जाते. २०२० साली खऱ्या त्सुशिमा बेटावर वादळात वाताझुमी मंदिराचं तोरी, म्हणजे प्रवेशद्वार, पडलं. मंदिराने ५० लाख येनचं आवाहन केलं. गेमच्या चाहत्यांसह जगभरातून आलेला निधी २ कोटी ७० लाख येनच्या वर गेला. कामांच्या यादीवर कुणी असा जीव लावत नाही. जीव जागेवर जडतो.

या कुळकथेत आपल्या सह्याद्रीचंही एक पान आहे. २०१७च्या ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’मध्ये पश्चिम घाटाच्या नावाचं एक प्रकरण आहे, होयसळ काळाच्या अवशेषांचं. नायिका क्लोई आणि तिची साथीदार नदीन जीपने त्या मुलखात शिरतात आणि आधी एक जुना मनोरा चढतात. वर पोचल्यावर मॅप आपोआप भरत नाही. क्लोई आपला कागदी नकाशा काढते, समोरची शिखरं आणि भग्न देवळं पाहते आणि जे दिसतं ते पेनाने त्यावर टिपते. गडाच्या माथ्यावर उभं राहून समोरचे सुळके नावाने ओळखणाऱ्याला हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मनोरा वाईट नाही. उंचावर जाऊन मुलूख न्याहाळावा ही माणसाची जुनी ओढ आहे आणि खेळाने ती बरोबर हेरली होती. चूक झाली ती वर पोचलेल्याच्या हाती दुर्बिणीऐवजी हजेरीपट देण्यात. ती दुरुस्त करायला पुढच्या गेमची वाट पाहायला नको. २०१८च्या ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’त ‘एक्सप्लोरेशन मोड’ आहे. तो निवडला की मार्करऐवजी अमुक गावाच्या दक्षिणेला, तमुक खाडीच्या काठी, असे तोंडी पत्ते मिळतात. इतर अनेक खेळांत सेटिंगमध्ये जाऊन मिनिमॅप आणि मार्कर बंद करता येतात. ते बंद करा आणि समोरच्या डोंगराच्या खुणेने चाला. सुरुवातीला वाट चुकेल. चुकू द्या, आणि सगळे आयकॉन संपवलेच पाहिजेत ही सक्ती स्वतःवर करू नका. तो मुलूख तुम्ही हिंडावं म्हणून शेकडो कलावंतांनी वर्षानुवर्षं खपून उभा केला आहे.