डोक्याचा मार : वेदनाशमन

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची शुद्ध झाकोळू न देता आणि कवटीच्या आतील रक्तस्राव न वाढवता त्याचे दुखणे कमी करण्याची पद्धत. पुसदसारख्या (जि. यवतमाळ) तालुक्याच्या गावी उपजिल्हा रुग्णालयात प्रथमोपचार करून रुग्ण यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नांदेडला पाठवावा लागतो, तेव्हा वाटेतल्या तासांसाठी कोणते औषध द्यायचे हा निर्णय कळीचा ठरतो.

शुद्धीचे मोजमाप : टीसडेल व जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेली ग्लासगो श्रेणी यासाठी वापरतात. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांवरून ३ ते १५ गुण दिले जातात. एका वेळच्या आकड्यापेक्षा तो चढतो की उतरतो याला अधिक महत्त्व आहे. पुसदहून निघताना १४ गुण असलेला रुग्ण यवतमाळला ११ वर पोचला, तर रक्ताची गाठ वाढते आहे की दिलेल्या वेदनाशामक सुईची गुंगी आहे, हे सी.टी. स्कॅनशिवाय ठरवता येत नाही. कानशिलाच्या आतील बाजूची धमनी फाटल्यास रुग्ण काही वेळ नीट बोलतो आणि मग झपाट्याने ढासळतो.

पॅरासिटामॉल : पहिली निवड. गुंगी येत नाही, नेहमीच्या मात्रेत रक्त गोठण्यात अडथळा येत नाही. प्रौढांना ५०० मिग्रॅ ते १ ग्रॅम, ४ ते ६ तासांच्या अंतराने. २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. यकृताचा आजार, नेहमीचे मद्यपान किंवा कमी वजन असल्यास मात्रा घटवतात. ओकाऱ्या होत असल्यास किंवा शुद्ध कमी असल्यास तोंडाने काहीही न देता शिरेतून देतात.

दाहशामके : डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसेक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन. प्लेटलेटचे काम मंदावत असल्याने रक्तस्राव नाही अशी खात्री होईपर्यंत टाळावीत. अ‍ॅस्पिरिनचा परिणाम ७ ते १० दिवस टिकतो. मेडिकलमधून आणलेल्या जोडगोळीत अनेकदा पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅसोबत अ‍ॅसेक्लोफेनॅक १०० मिग्रॅ असते. त्यामुळे पाकिटावरची बारीक अक्षरे वाचलीच पाहिजेत. स्कॅन निर्दोष आल्यावर ही औषधे कधी सुरू करावीत याबाबत एकमत नाही.

अफूवर्गीय औषधे : मॉर्फिन, फेंटॅनिल, ट्रॅमाडॉल. यांनी श्वास मंदावला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कवटीतला दाब वाढतो. बाहुल्याही आकसतात, म्हणजे तपासणीची एक महत्त्वाची खूण पुसट होते. ट्रॅमाडॉलमुळे झटके येण्याचा धोका वाढतो, म्हणून येथे ते नकोच. तरीही मांडीचे हाड मोडलेल्या माणसाला ‘डोक्याचा मार आहे’ म्हणून तळमळत ठेवणे हा उपचार नव्हे. असह्य वेदनेने रक्तदाब आणि कवटीतला दाब दोन्ही चढतात. ऑक्सिजन आणि सतत लक्ष असेल तर फेंटॅनिल थोडे थोडे, परिणाम पाहत देता येते. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फिनसारख्या आवश्यक औषधांचे नियम सुटसुटीत झाले. ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये याच कायद्याखाली आले.

नस बधिर करणे : हवी तितकी वापरली न जाणारी उत्तम पद्धत. मांडीचे हाड मोडले असल्यास जांघेतील फीमोरल नसेभोवती बधिरीकरणाचे औषध सोडतात. योग्य मात्रेत पाय शांत होतो, शुद्धीला धक्का लागत नाही. आधी त्या पायाची संवेदना व हालचाल तपासून नोंदवावी. टाळूची जखम शिवताना लिग्नोकेन तिथल्या तिथे पुरते. मोडलेला अवयव फळीने नीट बांधल्यानेच पुष्कळ दुखणे उतरते.

केटामीन : १९७० च्या दशकापासून निषिद्ध मानले गेले, पुढील अभ्यासांनी तो निषेध सैल केला. मतभेद आहेत.

स्टेरॉइड : वेदनाशामक नव्हे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश’ चाचणीत १०,००८ रुग्णांपैकी स्टेरॉइड मिळालेल्यांत मृत्यू अधिक झाले.

बेचैनी : हातपाय झाडणारा रुग्ण दुखण्यानेच झाडतो असे नाही. आधी ऑक्सिजन, साखर आणि पोटाखाली हात लावून तट्ट भरलेले मूत्राशय तपासावे. नळी घालताच शांत होणारे रुग्ण असतात. त्यांना झोपेची सुई देणे घातक.

रेफर चिठ्ठी : चिठ्ठीवर औषध, मात्रा, दिल्याची वेळ, त्याआधीचे ग्लासगो गुण आणि दोन्ही बाहुल्यांची स्थिती लिहावी. ‘पेनकिलर दिले’ एवढी नोंद पुढच्या डॉक्टरांना निरुपयोगी असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तिचे नाव ठळक लिहावे.

मुले : पॅरासिटामॉल दर किलो वजनाला १५ मिग्रॅ; अ‍ॅस्पिरिन वर्ज्य.